नेम, नियम आणि ग्राहक

पैसे मोजून आज्ञा ऐकायला जावे, अशी ठिकाणे समाजात फार थोडी असतात. नेमबाजीची रेंज हे त्यांपैकी एक. दुकानात, उपाहारगृहात किंवा नाट्यगृहात पैसे भरलेला माणूस थोडाफार मालक असतो. त्याला हुज्जत घालण्याची मुभा असते. रेंजवर पाऊल टाकले की ही मुभा संपते. रेंज ऑफिसरने ‘स्टॉप’ म्हटले की बारा वर्षांच्या मुलीने आणि निवृत्त कर्नलनेही तत्क्षणी चापावरचे बोट काढायचे असते. का थांबायचे, हा प्रश्न बंदूक खाली ठेवल्यानंतर विचारायचा. हा दंडक जगभर सारखा आहे आणि तो तसाच असला पाहिजे. कारण येथील क्षणभराच्या ढिलाईची किंमत कोणाला तरी डोळ्याने किंवा प्राणाने चुकवावी लागते. परंतु मुकाट्याने ऐकण्याच्या या शिस्तीचा आडोसा घेऊन रेंजचालक भलत्याच गोष्टी खपवू लागले तर काय होते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखक नेमबाज नाही. बहिणीने गळ घातली म्हणून भाचीला एका रेंजवर पोचविण्याचे आणि परत आणण्याचे काम काही महिने त्याच्याकडे आले, इतकाच त्याचा या विषयाशी संबंध. एका उपनगरात, दुकानांच्या वरच्या मजल्यावर ही दहा मीटरची रेंज होती. तीन महिन्यांचे शुल्क आगाऊ घेण्यात आले. एक इंग्रजी छापील कागद पुढे सरकविण्यात आला. काहीही घडले तरी जबाबदारी संस्थेची नाही, अशा आशयाच्या त्या मजकुराखाली बहिणीने सही केली. पावती मागितली तेव्हा ‘‘इथं सगळं विश्वासावर चालतं, सर,’’ असे हसून सांगण्यात आले. पुढे कळले की चार मुलांमागे एकच एअर रायफल आहे, म्हणजे एका तासाच्या शुल्कात प्रत्यक्ष नेम धरायला मिळतात ती पंधरा मिनिटे. छर्रे तेथल्याच टेबलावरून घ्यायचे. तेही डबीतून नव्हे, कागदाच्या पुडीतून, मोजून. एका रविवारी गेलो तर दाराला कुलूप. स्पर्धेसाठी रेंज दिली होती. आदल्या दिवशी कोणी कळविले नव्हते आणि बुडालेला दिवस भरूनही मिळाला नाही.

या प्रत्येक गोष्टीची विचारणा केल्यावर जे उत्तर मिळे ते एकाच शब्दाचे असे. बाहेरचे छर्रे का चालत नाहीत? सेफ्टी. पालकांनी काचेआडूनही का पाहायचे नाही? सेफ्टी. वेळ बदलून का मिळत नाही? त्यालाही काहीतरी सेफ्टीचेच कारण होते. हे सारे आम्ही निमूटपणे ऐकून घेतले. बंदुकीचे काम, त्यांना कळते तेवढे आपल्याला काय कळणार, असा सामान्य माणसाचा नम्र समज.

मग एके दिवशी दार उघडे राहिले होते म्हणून आतले दिसले. तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा हातात रायफल धरून मित्राशी बोलण्यासाठी गर्रकन वळला. नळीचे तोंड मागच्या बाकावर बसलेल्या सहा-सात मुलांच्या चेहऱ्यांवरून फिरत गेले. त्यांत माझी भाचीही होती. प्रशिक्षक त्या वेळी बाहेर एका नव्या पालकाला शुल्काचा तक्ता समजावून देत होते. मी आरडाओरडा केल्यावर ते आत आले, मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाले, ‘‘छर्‍याची आहे हो काका, आणि लोडही नव्हती.’’

ज्या संस्थेत छर्‍यांची डबी बाहेरून आणणे सुरक्षिततेला बाधक ठरते, त्याच संस्थेत नळीचे तोंड मुलांच्या डोळ्यांसमोरून फिरणे बाधक ठरत नाही, हे त्या दिवशी कळले. ग्राहकांच्या तक्रारींमध्ये पावतीची आणि परताव्याची तक्रार असते. तिचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण खरी तक्रार याहून मोठी आहे. ‘सुरक्षा’ हा शब्द ज्या कामासाठी राखून ठेवायचा, त्या कामाला तो उरलाच नाही, ही ती तक्रार आहे.

पदकांनंतरची गर्दी

हा प्रश्न आज उपस्थित करण्याचे कारण उघड आहे. नेमबाजी हा एके काळी संस्थानिकांचा, लष्करी अधिकाऱ्यांचा आणि शिकारीच्या हौशी मंडळींचा खेळ होता. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तिच्यामागे लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांची प्रेरणा होती; त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा हा राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारा नेमबाजांचा परिचित रस्ता आहे. तरीही सामान्य घरांपर्यंत हा खेळ पोचायला अर्धशतक जावे लागले. राज्यवर्धनसिंह राठोड यांचे २००४ मधील अथेन्सचे रौप्यपदक, अभिनव बिंद्रा यांचे २००८ मधील बीजिंगचे सुवर्ण, २०१२ मध्ये लंडनला विजयकुमार आणि गगन नारंग यांनी मिळविलेली पदके यांनी देशाचे लक्ष या खेळाकडे वेधले.

महाराष्ट्राचा वाटा यात लहान नाही. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या, सुमा शिरूर २००४ साली अथेन्सला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिचला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळविले; त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक घेतले. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या हेलसिंकीतील पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ७२ वर्षे वाट पाहावी लागली होती.

अशा पदकानंतर घराघरांतील मुले बंदूक मागणार हे साहजिक आहे. त्यात पालकांच्या व्यवहारबुद्धीचीही भर पडते. राज्य व राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्याला दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. नेमबाजीला मोठे मैदान लागत नाही, फार उंची किंवा विशेष ताकद लागत नाही, असाही एक समज पसरला आहे. परिणामी शहरांच्या उपनगरांत आणि जिल्ह्याच्या गावांत मिळेल त्या जागी, कोठे तळघरात, कोठे दुकानांच्या माळ्यावर, दहा मीटरच्या रेंज उघडल्या जात आहेत. स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडले. त्यांच्याकडे पाहून बंदूक मागणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मात्र प्रबोधिनीत नव्हे, तर अशा खासगी रेंजवरच पहिले पाऊल टाकणार आहेत. तेथे त्यांना काय शिकवले जाते आणि कसे वागवले जाते, ही म्हणूनच केवळ पंधरा-वीस पालकांची खासगी कुरकुर राहत नाही.

वाद न घालण्याचे नियम

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे, की रेंजवरील काही नियम ग्राहकाने वादातीत मानलेच पाहिजेत. बंदूक रिकामी असो वा भरलेली, ती भरलेलीच समजायची. नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेला. नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर. आज्ञेवाचून बंदूक भरायची नाही, आणि ‘अनलोड’ झाल्यावर नळीत भडक रंगाचा सुरक्षा-दोरा घातल्यावाचून ती ठेवायची नाही. कोणी लक्ष्याकडे गेले असता बंदुकीला हात लावायचा नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत या नियमांना अपवाद नाही, आणि ते मोडणाऱ्या विश्वविजेत्यालाही बाहेर काढता येते.

छर्‍याची बंदूक म्हणजे खेळणे, हा समज घातक आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. स्पर्धेतील दहा मीटरची रायफल त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. परंतु परवाना न लागणे आणि इजा न होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जवळून लागलेला छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो, हे कोणताही नेत्रतज्ज्ञ सांगेल.

आणि काही वेळा सुरक्षितता ग्राहकाच्या इच्छेविरुद्ध राखावी लागते. २५ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका पर्यटकी रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती स्वयंचलित उझी बंदूक देण्यात आली. पैसे भरलेले होते, पालक हौसेने चित्रीकरण करीत होते, प्रशिक्षक शेजारी उभा होता. एकेक गोळी झाडून झाल्यावर बंदूक स्वयंचलित गतीवर लावली गेली. तिच्या झटक्याने नळी वर उसळली आणि प्रशिक्षकाच्या डोक्यात गोळी शिरली. तो त्यातून वाचला नाही. ग्राहकाला हवे ते देणे म्हणजेच उत्तम सेवा, हे व्यापारातील सूत्र रेंजवर किती प्राणघातक ठरते याचे हे उदाहरण आहे. ‘‘या मुलीला ही बंदूक मिळणार नाही,’’ असे सांगणारा कोणी उद्धट माणूस त्या दिवशी तेथे असता, तर पालक कदाचित रागावून निघून गेले असते. पण एक माणूस घरी परतला असता.

अमेरिकेत ही रेंज म्हणजे सर्रास एक दुकान असते. बंदूक तेथेच भाड्याने घ्यावी, काडतुसे तेथेच घ्यावीत आणि तासाच्या हिशेबाने नेम धरावा. तेथल्या ग्राहकांच्या तक्रारीही पुष्कळ असतात आणि त्यांतील काही पाहण्यासारख्या आहेत. अनेक ठिकाणी एकट्या आलेल्या अनोळखी माणसाला बंदूक भाड्याने मिळत नाही. सोबत कोणी तरी आणावे लागते. ग्राहकाला हा अपमान वाटतो. त्यामागचे कारण असे, की भाड्याची बंदूक घेऊन तेथेच आत्महत्या करणारी माणसे त्या देशातील रेंजचालकांनी पाहिली आहेत. पुष्कळ रेंजवर आणलेल्या गोळ्यांना लोहचुंबक लावून पाहतात आणि चिकटलेल्या गोळ्या परत पाठवतात. ग्राहकाला वाटते, आपली काडतुसे खपावीत म्हणून ही युक्ती. वस्तुतः पोलादी अंश असलेली गोळी मागच्या पोलादी अडथळ्यावर आपटली की ठिणग्या उडतात, आग लागण्याची भीती असते आणि अडथळाही खराब होतो. अर्थात, ‘फक्त आमचीच काडतुसे’ या नियमात नफ्याचा भाग मुळीच नसतो, असे कोणी शपथेवर सांगणार नाही.

या दोन्ही नियमांना कारण आहे. पण ते भिंतीवर लिहिलेले नसले, की ग्राहक स्वतःच एखादे कारण शोधून काढतो, आणि ते बहुधा सर्वांत हलके कारण असते. आपल्याकडच्या रेंजचालकांनी यातून घ्यायचा धडा इतकाच, की सांगितलेले कारण नियमाला बळकटी देते.

सोयीचे नियम

रेंजवरच्या नियमांची दुसरी जात आहे ती चालकाच्या सोयीची आणि मिळकतीची. एका रायफलीमागे किती मुले बसवायची, छर्रे कोठून घ्यायचे, भरलेले शुल्क परत मिळणार की नाही, इलेक्ट्रॉनिक लक्ष्य बंद पडले तर तास भरून मिळणार की नाही, हे सारे व्यवहाराचे विषय आहेत. त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. शिकवण्याचे काम करणाऱ्यानेही पोट भरायचे असते. गैर आहे ते हे नियम सुरक्षेचा अंगरखा घालून फिरवणे.

छर्‍यांचेच उदाहरण घ्या. डबीवर छर्‍याचा व्यास आणि उत्पादनाचा गट छापलेला असतो. चांगले नेमबाज आपल्या नळीला कोणता गट मानवतो हे तपासून तोच वापरतात. कारण दहा मीटर रायफलच्या लक्ष्यावरील ‘दहा’चा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही बारीक असतो. तेथे सुटे छर्रे पुडीत बांधून विकणे म्हणजे मुलाच्या गुणांशी खेळणे आहे. उलटपक्षी, वाकलेले, गंजलेले किंवा चुकीच्या मापाचे छर्रे कोणी आणू नयेत ही चालकाची काळजी रास्त आहे. तिला उपाय सोपा आहे : मान्य प्रकारांची यादी लावावी आणि बंद डबी तपासून आत घ्यावी. तसे न करता सरसकट बंदी घातली जाते तेव्हा काळजीच्या नावाखाली दुकान चालू असते.

याहून नाजूक बाब प्रशिक्षकानेच साहित्य विकण्याची आहे. परदेशी बनावटीची स्पर्धेची एअर रायफल लाखांच्या घरात जाते. त्यावर जाकीट, विजार, बूट, हातमोजा हे सारे वेगळे. ‘‘आता स्वतःची रायफल घ्या, त्याशिवाय प्रगती होणार नाही,’’ असे सांगणारे गुरू आणि ती विकणारे व्यापारी एकच असले, की पालकाने सल्ला कोणता आणि विक्री कोणती हे कसे ओळखावे? जुनी रायफल गळ्यात मारली जाते तेव्हा तिच्या हवेच्या नळकांड्याची मुदत कोणी सांगत नाही. सुमारे २०० बारच्या दाबाने भरले जाणारे हे नळकांडे कायमचे नसते. उत्पादक त्याला मुदत घालून देतात आणि ती संपण्यापूर्वी ते बदलण्याची जबाबदारी स्पर्धेचे नियम खेळाडूवरच टाकतात. खरोखर सुरक्षेची अशी जी गोष्ट, तिच्याविषयी नेमके मौन असते.

तसेच दुसरे मौन शिशाविषयी. स्पर्धेतले छर्रे प्रायः शिशाचे असतात. शिसे मुलांच्या शरीराला आणि बुद्धीच्या वाढीला घातक आहे, हे वैद्यकशास्त्राने निर्विवाद ठरवले आहे. म्हणून रेंजवर खाऊ नये, छर्रे तोंडात धरू नयेत, बाहेर पडताना साबणाने हात धुवावेत, जागेत हवा खेळती असावी आणि छर्‍यांच्या सापळ्याभोवतीची धूळ कोरड्या झाडूने उडवू नये, हे साधे नियम आहेत. ज्या रेंजवर मी महिनोन्महिने गेलो तेथे बेसिन होते, साबण नव्हता. मुले नेम धरून झाल्यावर त्याच हातांनी डबा उघडीत. या नियमाला मात्र कोणी ‘सेफ्टी’ म्हटले नाही. कदाचित त्यातून काही विकता येत नव्हते म्हणून असेल.

दुसरी बाजू

चालकांची बाजू ऐकून घेतली नाही तर हा लेख एकांगी होईल. परदेशातून येणारे साहित्य महाग, जागेचे भाडे अवाच्या सवा, परीक्षेच्या महिन्यांत मुले गळतात आणि खर्च चालूच राहतो. मुले तीन महिन्यांनी सोडून जातात म्हणून आगाऊ शुल्काचा आग्रह धरला जातो. बरेच प्रशिक्षक स्वतः एके काळचे नेमबाज आहेत. हिशेब, पावत्या, सूचना यांची सवय त्यांना कोणी लावली नाही. आपण ज्या गुरूकडे शिकलो त्याला कधी पावती मागितली नव्हती, मग हे पालक का मागतात, असे त्यांना मनापासून वाटते.

येथे तालमीची आठवण होते. कोल्हापूर-सांगलीकडे तालमीतल्या वस्तादाचा शब्द मोडण्याची कोणाची छाती नव्हती. पहाटे चारला उठा म्हटले की उठायचे. पण वस्ताद मुलाच्या दुधाची चौकशी करी, खाडा झाला तर घरी निरोप धाडी, आणि तालमीत तासावर दर लावलेला नसे. गुरूचा अधिकार आणि दुकानदाराचा दर या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी मिळू लागल्या, की एकीची बंधने दुसरीच्या आड लपतात. ज्याने दर लावला त्याने दुकानदाराचे कर्तव्यही पत्करले पाहिजे.

पालकांचेही दोष आहेत. सहा महिन्यांत पदक मागणारे, फायरिंग लाइनजवळ येऊन मुलाला सूचना देणारे, नेम धरलेल्या मुलाचे छायाचित्र काढण्यासाठी पुढे झुकणारे, दुसऱ्याच्या मुलाला जास्त वेळ मिळाला म्हणून भांडणारे पालक मी पाहिले. अशांना बाहेर ठेवणे समजण्याजोगे आहे. परंतु त्यासाठी एक काचेची खिडकी आणि दोन ओळींची सूचना पुरते. आत काय चालते हे कोणालाच दिसू न देणे हा त्यावरचा उपाय नव्हे; माझ्या भाचीच्या रेंजवर दार उघडे राहिले नसते तर ती फिरलेली नळी कोणालाच दिसली नसती.

कायदा कोठवर?

काडतुसांच्या बंदुकांबाबत १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालील २०१६ चे नियम पुरेसे कडक आहेत. परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला शस्त्र व दारूगोळा सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला .२२ ची रायफल सरावासाठी वापरण्याची सवलत कायद्यातच आहे. यातून एक गोष्ट निष्पन्न होते : या खेळातील नवख्याला क्लबावाचून गत्यंतर नाही. बंदूक क्लबाची, काडतुसे क्लबातून, वेळ क्लबाच्या मर्जीची. जेथे ग्राहक दुसरीकडे जाऊ शकत नाही तेथे सेवा सुधारण्याची घाई कोणालाही नसते. दहा मीटरच्या रेंजची अडचण उलट आहे. तेथील बंदुकीला परवानाच लागत नसल्यामुळे काडतुसांच्या रेंजइतकी कायद्याची नजर तेथपर्यंत पोचत नाही.

ग्राहकासाठी वेगळा कायदा आहे. ग्राहक चळवळीचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. पावती न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. ग्राहकाला आवश्यक ती माहिती जाणूनबुजून दडवणे ही सेवेतील त्रुटी मानली आहे. एकतर्फी अटी लादणाऱ्या अन्याय्य कराराविरुद्धही दाद मागता येते. मात्र ती जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे. तीन महिन्यांच्या शुल्कासाठी कोणता पालक राज्य आयोगाची पायरी चढेल? आणि चढला तरी त्याच्या मुलाला त्या परिसरात दुसरी रेंज कोठे आहे? कायदा हा अखेरचा दरवाजा आहे. रोजच्या व्यवहारासाठी त्याहून जवळचा काहीतरी मार्ग हवा.

एक फलक पुरे

तो मार्ग खर्चाचा नाही. प्रत्येक रेंजच्या प्रवेशद्वारी मराठीत एक फलक असावा आणि त्याचे दोन भाग असावेत. पहिल्या भागात सुरक्षेचे नियम : थोडे, ठळक, प्रत्येकापुढे एका ओळीचे कारण. ते मोडणारा मुलगा जिल्हा विजेता असला तरी त्या दिवसापुरता बाहेर, असे तेथेच लिहावे आणि तसे वागावे. दुसऱ्या भागात व्यवहाराचे नियम : शुल्क किती, एका रायफलीमागे मुले किती, कोणते छर्रे चालतात, रेंज बंद राहणार असेल तर किती दिवस आधी कळवणार, चालकाच्या कारणाने बुडालेला तास कसा भरून देणार, मध्येच सोडणाऱ्याला किती परतावा मिळणार. परतावा मिळणार नसेल तर तेही लिहावे. ज्याला पटेल तो येईल. या दोन भागांची सरमिसळ करू नये, एवढाच आग्रह.

याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी हव्यात. फायरिंग लाइनवर मुले असताना प्रशिक्षकाने किंवा नेमलेल्या रेंज ऑफिसरने ती सोडून जाऊ नये, मग बाहेर कितीही नवे पालक ताटकळत असोत. नळी भलतीकडे वळली, बंदूक आज्ञेवाचून सुटली, असे प्रसंग लिहून ठेवणारी एक वही असावी आणि ती पालकांना पाहता यावी. आणि प्रशिक्षक साहित्याची विक्री करीत असेल तर तसे त्याने आरंभीच सांगावे. राज्य व जिल्हा रायफल संघटना रेंजला संलग्नता देताना, तसेच जिल्हा क्रीडा अधिकारी तेथील मुलांच्या शालेय स्पर्धांच्या प्रवेशिका स्वीकारताना, या गोष्टींची विचारणा सहज करू शकतात. त्यासाठी नवा कायदा नको, नवे मंडळ नको. शासनाने आपल्या क्रीडासंकुलांतील रेंजपासून आरंभ केला तर खासगी चालकांना सबब उरणार नाही.

पदके मोजण्याची सवय आपल्याला लवकर लागली आहे. पदकांपर्यंत न पोचणाऱ्या मुलांचे काय होते हे पाहण्याची लागलेली नाही. रेंजवर जाणाऱ्या शंभर मुलांपैकी ऑलिंपिकला कदाचित एकही जाणार नाही. पण त्या शंभरही मुलांनी तेथून एक गोष्ट बरोबर न्यायला हवी : शस्त्र हातात असताना स्वतःवर ताबा कसा ठेवायचा. ज्या जागी मोठी माणसे नियम स्वतःच्या सोयीने वाकवतात आणि त्याला सुरक्षा म्हणतात, त्या जागी मुलाला हा ताबा कोण शिकवणार? नियमांना फक्त वाकून दाखवायचे असते, एवढेच तो शिकेल.

भाचीची ती रेंज आम्ही सोडली. उरलेल्या सात आठवड्यांचे पैसे परत मिळाले नाहीत. त्यांची आशाही नव्हती. आता ती दूरच्या एका जुन्या क्लबात जाते. तेथली इमारत पडकी आहे, लक्ष्ये कागदाची आहेत आणि पंखे कुरकुरतात. पहिल्या दिवशी तेथल्या वयस्क रेंज ऑफिसरांनी तिला बंदुकीला हातही लावू दिला नाही. तासभर तिला केवळ आज्ञा पाठ करायला लावल्या, आणि प्रत्येक आज्ञा का द्यायची ते समजावून सांगितले. जाताना हात धुवून ये म्हणाले. मग मला बोलावून शुल्क घेतले आणि न मागता पावती फाडून दिली. परतताना मी भाचीला विचारले, आज काहीच मारायला मिळाले नाही, वाईट वाटले का? ती म्हणाली, ‘‘नाही मामा. तिथं कुणी मला कारण सांगत नव्हतं.’’